मदत हवी आहे: दोन सड्यांवरच्या वनस्पतींमधला फरक नेमका कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गेल्या पावसाळ्यात राजापूर तालुक्यातल्या चार जांभ्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, वनस्पतींची नोंद केली. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाकायची आणि आत दिसेल ती प्रजाती लिहायची: गेंद, सीतेची आसवे, तेरडे, गवतं, सगळं. रोपं मोजली नाहीत, फक्त आहे की नाही एवढंच लिहिलं. आता आकडेमोडीत अडकले आहे.

चारही सडे मिळून ५८ प्रजाती, सड्यामागे सरासरी २९. परिसंस्थाशास्त्रज्ञ व्हिटाकर यांनी १९६० साली मांडलेल्या रीतीने एकूण भागिले सरासरी केलं की बीटा विविधता, म्हणजे ठिकाणाठिकाणांमधल्या प्रजातींचा वेगळेपणा, २ येते. पण कुठले सडे वेगळे आणि कशामुळे, ते त्यातून कळेना, म्हणून जोड्या लावून सोरेनसनचा भेद काढला (सगळ्या प्रजाती सारख्या तर ०, एकही सामाईक नसेल तर १). 'अ'वर ४० प्रजाती, 'ब'वर १६, दोन्हीकडे सापडणाऱ्या १४. भेद ०.५०. 'क' आणि 'ड'वर प्रत्येकी ३०, सामाईक १५. भेद पुन्हा ०.५०! डोळ्यांना तर या दोन जोड्या अजिबात सारख्या वाटत नाहीत.

'ब' लहानसा सडा आहे आणि त्याच्या कडेला चिरेखाण सुरू झाली आहे. 'इथलं सगळं शेजारच्या मोठ्या सड्यावर आहेच' असं निघालं, तर त्याची बाजू कोण घेणार? म्हणून हे बरोबर मोजायचं आहे. कोणी सांगाल का?

प्रतिसाद

ताई, तुमचे डोळे बरोबर आहेत. भेद दोन कारणांनी पडतो: एका प्रजातीच्या जागी दुसरी येते, किंवा एका ठिकाणी प्रजाती नुसत्याच कमी असतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ बासेल्गा यांनी २०१० मध्ये सोरेनसनचे असे दोन भाग पाडून दाखवले. 'क-ड'मध्ये पूर्ण ०.५० अदलाबदलीचा आहे. 'अ-ब'मध्ये 'ब'वरच्या १६ पैकी २च 'अ'वर नाहीत, म्हणून अदलाबदल २ भागिले १६, म्हणजे ०.१२५, उरलेला ०.३७५ केवळ कमतरतेचा. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेतलं बीटापार्ट पॅकेज हे काढून देतं.

पण त्याआधी सांगा, 'ब'वर चौकटी किती टाकल्या? आणि कोणत्या तारखेला?

धागाकर्ती

'अ', 'क' आणि 'ड'वर वीस-वीस, ऑगस्टच्या मध्यात. 'ब'वर आठच. तिथे सप्टेंबर संपताना पोहोचले, डबकी आटली होती.

प्रतिसाद

मग तो ०.३७५ सड्याचा की तुमच्या आठ चौकटींचा, हे आत्ता सांगता येणार नाही. 'अ'च्या वीसांतून कुठल्याही आठ उचला, हजार वेळा, आणि सरासरी किती प्रजाती मिळतात ते पाहा. १६च्या आसपास आल्या तर 'ब' गरीब आहे असं म्हणायला आधारच उरत नाही. तारखेचा घोळ मात्र गणिताने सुटत नाही. सीतेच्या आसवांना पाणथळ माती लागते, डबकं आटल्यावर ती दिसणार कुठून? आणि 'ब'वर सापडलेल्या पण 'अ'वर नसलेल्या त्या दोन प्रजाती कोणत्या, ते आकड्यांच्या शेजारी नावानिशी लिहा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आठ-आठ उचलून पाहिलं, 'अ'वर सरासरी २७ येतात. म्हणजे चौकटींमुळे सगळा फरक पडत नाही, पण तारखेची शंका उरतेच. येत्या ऑगस्टच्या मध्यात 'ब'वर पुन्हा जाते, वीस चौकटी घेऊन. त्या दोन्ही प्रजाती गवतं आहेत, ओळख पक्की करून इथेच नावं टाकते.