घड्याळातला १९ चा आकडा (सोसायटी ग्रुप, जळगाव)

काकू ए-२०२: डॉक्टर ताई, आहात का? ह्यांच्या घड्याळात एचआरव्ही १९ दाखवतंय. जावईबापूंचं ६४. मला रात्रभर झोप नाही.

नाना बी-१०१: घड्याळाचा पल्स आणि बोटाच्या ऑक्सीमीटरचा पल्स माझा रोज सारखाच येतो. ७२ म्हणजे ७२. घड्याळ खोटं बोलत नाही.

भाऊ सी-३०४: नाना, काकू वेगळं विचारताहेत. आणि काल मोटर कोणी चालू ठेवली? टाकी तासभर वाहत होती.

सेक्रेटरी: मोटरचं नंतर, कृपया.

डॉक्टर ताई सी-१०२: काकू, काकांना छातीत दुखणं, धडधड, चक्कर असं काही?

काकू ए-२०२: परवा मेहरूणला फिरताना चक्कर आली. ऊन होतं म्हणाले.

डॉक्टर ताई सी-१०२: मग उद्या ईसीजी काढाच. १९ साठी नव्हे, चक्करेसाठी. एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते, मिलीसेकंदात. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. वय वाढलं की हा आकडा उतरतोच. जावयाशी तुलना नकोच, दोन कंपन्यांची घड्याळं वेगवेगळ्या सूत्रानेही काढतात.

नाना बी-१०१: पण पल्स सारखाच येतो ना ताई? मग?

डॉक्टर ताई सी-१०२: नाना, ऑक्सीमीटरही उजेडावरच चालतो. घड्याळात हिरवा, ऑक्सीमीटरमध्ये लाल आणि इन्फ्रारेड. दोघं रक्ताची लाट बघतात, हृदयाची वीज नाही. ती ईसीजी बघतो. तिथे टोकदार शिखर मिळतं, मनगटावर लाट गोलसर येते आणि पोचायला लागणारा वेळही कमीजास्त होतो. हात हलला, पट्टा सैल असला की ठोका चुकीच्या जागी धरला जातो. पल्स म्हणजे मिनिटाची सरासरी, तिच्यात ते खपतं, एचआरव्हीत नाही.

रेल्वेवाले काका ए-४०१: आमच्या भुसावळच्या भाषेत सांगतो. दिवसात गाड्या किती गेल्या हे मोजणं वेगळं, कोणती किती मिनिटांनी आली ते वेगळं.

भाऊ सी-३०४: काका, तुमच्या गाड्या वेळेवर होत्या कधी? 😄

रेल्वेवाले काका ए-४०१: मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्यांनी विचारावं.

सेक्रेटरी: दोघांनीही थांबावं, ही विनंती.

नाना बी-१०१: मना तर २२ शे भो, मी ठणठणीत. आणि पल्स दोन्हीकडे सारखा.

सून बी-१०१: बाबा, तिसऱ्यांदा लिहिलंत.

काकू ए-२०२: म्हणजे जास्त आकडा तो चांगलाच ना?

डॉक्टर ताई सी-१०२: तेही नाही. ठोके अनियमित पडत असले, एट्रियल फिब्रिलेशनसारखा बेताल ठोक्यांचा आजार असला, तर आकडा उलट फुगतो. १९९६ साली युरोप-अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी मोजणीचे नियम ठरवले, ते ईसीजीवर: ५ मिनिटांची किंवा २४ तासांची नोंद. घड्याळ वापरायचंच तर झोपेतले किंवा उठल्या उठल्या स्वस्थ पडून घेतलेले आकडे घ्या आणि काकांचे काकांशीच ताडून बघा.

काकू ए-२०२: उद्या सकाळी जाते. रिक्षा मिळेल ना लवकर?

भाऊ सी-३०४: रिक्षा कशाला काकू, मी आठला गाडी काढतो. माझ्यामागे ज्यांची स्कूटर लागते त्यांनी फक्त आज रात्रीच हलवावी. नाव घेत नाही.

रेल्वेवाले काका ए-४०१: हलवली.