दमवणारा कोण? इंग्रजीतील थकवण्याच्या क्रियापदांचा इतिहास

सरोजिनी (धागाकर्ती)

इंग्रजीत एखाद्याला दमवण्यासाठी जी क्रियापदे आहेत, त्यांच्या इतिहासाविषयी एक मत मांडते आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी अवश्य विरोध करावा. माझे म्हणणे असे की, यांतली बरीच क्रियापदे रूढ झाली तेव्हा दमवणारा आणि दमणारा असे दोघेही वाक्यात हजर असत. पुढे ती ‘जेडेड’, ‘नॅकर्ड’, ‘एग्झॉस्टेड’ अशा धातुसाधित विशेषणांच्या रूपातच जास्त वापरली जाऊ लागली आणि दमवणारा वाक्यातून नाहीसा झाला.

‘जेड’चे उदाहरण घ्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या लेखनात हे नाम मरतुकड्या, कामातून गेलेल्या घोड्यासाठी येते. साधारण 1600च्या सुमारास त्याचे क्रियापद झाले, आणि त्याचा अर्थ घोडा दामटून दामटून त्याचा दम काढणे असा होता. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ नाटकात पार्थियन घोडदळाला रणातून पिटाळल्याचे सांगताना रोमन सेनापती व्हेंटिडिअस हेच क्रियापद वापरतो. म्हणजे दमवणारे रोमन सैन्य आणि दमलेले पार्थियन घोडे असे दोन्ही पक्ष त्या वाक्यात स्पष्ट दिसतात. आज ‘जेडेड’ म्हटले की आयुष्याला विटलेला, कशातच रस न उरलेला माणूस डोळ्यांसमोर येतो आणि त्याला कोणी पळवले हे विचारावेसेही कोणाला वाटत नाही. ‘हॅकनीड’चीही हीच गत झाली. भाड्याने देण्याच्या घोड्याचे नाव, त्यावरून वाटेल तसे राबवून घेणे, आणि अखेरीस वापरून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग, अशी त्याची वाटचाल आहे.

शब्द कोणत्या कष्टांतून आला हे विसरले गेले की ते कष्ट देणाऱ्याची जबाबदारीही विसरणे सोपे होते, असे मला मनापासून वाटते.

पाठभेद

सरोजिनीताई, आपण निवडलेली उदाहरणे खरी आहेत, पण ती निवडलेली आहेत हाच माझा आक्षेप आहे. या अर्थाचे इंग्रजीतले सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक वापरातले क्रियापद ‘टायर’ हे आहे, आणि त्याच्या मुळाशी घोडाही नाही व स्वारही नाही. नॉर्मन लोक 1066 साली इंग्लंडमध्ये येण्यापूर्वीच्या इंग्रजीत त्याचे रूप ‘तेओरिअन’ असे होते. कमी पडणे, सरत येणे, थांबणे आणि त्यावरून थकणे, हे त्याचे अर्थ होते. थकवणे हा सकर्मक अर्थही त्याच काळात आढळतो हे मान्य. परंतु शक्ती आपोआप ओसरण्याचा अर्थ त्याच्या सोबतीला पहिल्यापासून आहे. त्याच्या मागे आणखी कोणते मूळ होते हे नक्की ठरलेले नाही, आणि गाडीच्या टायरशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा शब्द ‘वेअरी’, म्हणजे थकलेला. तो आधी विशेषण होता आणि क्रियापद त्या विशेषणावरून बनले. त्याचे नाते भटकणे, अडखळत चालणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदाशी लावले जाते. म्हणजे आधी थकलेला माणूस आहे आणि थकवणारा नंतर आला आहे, जे आपल्या सिद्धान्ताच्या नेमके उलट आहे.

याशिवाय जुन्या इंग्रजीत ‘फॉर’ हा एक उपसर्ग होता, जो क्रियेची पराकाष्ठा किंवा त्यातून झालेली हानी दाखवी. कवी एडमंड स्पेन्सरने 1579 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये एक मेंढपाळ स्वतःविषयी ‘फॉरस्वंक’ आणि ‘फॉरस्वॅट’ असे दोन शब्द जोडीने वापरतो. पहिल्याचा अर्थ राबून राबून मोडलेला आणि दुसऱ्याचा घाम गाळून गळालेला. स्पेन्सरच्या काळीही हे शब्द जुनाट वाटत आणि त्याने ते मुद्दाम निवडले होते. इथे कष्ट आहेत, घाम आहे, पण मालक कुठेही नाही. हे शब्द इंग्रजीने टाकून दिले याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ‘एग्झॉस्टेड’ या लॅटिन पाहुण्याला त्यांची सर नाही.

रहाटगाडगे

त्या लॅटिन पाहुण्याची बाजू मला मांडू द्या. लॅटिनमध्ये ‘हाउरीरे’ म्हणजे पाणी उपसणे, आणि त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग लागला की तळ दिसेपर्यंत उपसणे. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा ‘एग्झॉस्ट’चा अर्थ बाहेर काढून घेणे, वापरून संपवणे असाच होता, माणसाची शक्ती संपवणे हा अर्थ त्यानंतरचा आहे. 1659च्या सुमारास रॉबर्ट हूकच्या मदतीने शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने हवेचा पंप तयार करवून घेतला, आणि त्याच्या प्रयोगांच्या वर्णनांत हवा काढून घेतलेल्या काचेच्या पात्राला हेच विशेषण लागते. दट्ट्या खाली ओढायचा, झडप फिरवायची, थोडी हवा बाहेर सोडायची आणि पुन्हा तेच. अशा रीतीने पात्र रिकामे करणे हा एग्झॉस्टचा त्या काळचा एक रोखठोक, हाताने करण्याचा अर्थ होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाफेला किंवा धुराला ते नाव मिळाले ते पुढे.

म्हणून मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. या शब्दापुरते बोलायचे तर माणूस येथे घोडा नसून भांडे आहे. उलट ‘फटीग’ माणसाकडून वस्तूकडे गेला. सतराव्या शतकात फ्रेंचमधून आलेला हा शब्द माणसाच्या थकव्याचा होता, आणि एकोणिसाव्या शतकात वारंवार ताण पडून तडकणाऱ्या लोखंडाला अभियंत्यांनी तो लावला. आगगाडीचे आस एका झटक्यात नव्हे, तर लाखो फेऱ्यांनंतर मोडत, आणि ते मोडणे सांगायला इंग्रजीला माणसाच्या अंगमेहनतीचा शब्द सर्वांत योग्य वाटला. आपला मुद्दा जिथे खरा बळकट आहे, सरोजिनीताई, तो मला इथे दिसतो.

सरोजिनी

‘रहाटगाडगे’ यांचे आभार. पण उपसण्यालासुद्धा उपसणारा लागतोच, त्यामुळे ‘एग्झॉस्ट’ माझ्याच बाजूने साक्ष देतो. ‘पाठभेद’ यांच्या ‘टायर’विषयीच्या माहितीवर माझा वाद नाही. माझा दावा पहिल्या शब्दांपुरता नाही. त्यानंतरच्या हजार वर्षांत इंग्रजीने जी भर घातली तिच्याविषयी तो आहे. या भरीत घोडा पुन्हा पुन्हा दिसतो. ‘नॅकर’ हा म्हाताऱ्या, निकामी घोड्यांना विकत घेऊन मारणारा आणि त्यांचे कातडे, हाडे, मांस विकणारा धंदेवाईक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावरून दमवून टाकणे या अर्थाचे क्रियापद झाले, आणि आज ब्रिटनमध्ये कोणीही दिवसभराच्या कामानंतर स्वतःला सहज ‘नॅकर्ड’ म्हणवून घेते.

पाठभेद

‘नॅकर’ इतका सरळ नाही. त्या क्रियापदाला खच्ची करणे असाही अर्थ होता आणि वृषणांसाठीच्या एका ग्राम्य शब्दाशी तो जोडलेला आहे. दमवण्याचा अर्थ कसायाकडून आला की खच्चीकरणाकडून, हे ठामपणे सांगता येत नाही. दमवणे याच अर्थाच्या अमेरिकेतल्या ‘टकर’चेही तसेच आहे. 1830च्या दशकात न्यू इंग्लंडमध्ये तो आढळतो, आणि उपासमारीने कुशी आत गेलेल्या कुत्र्याच्या वर्णनावरून तो आला असावा असा केवळ अंदाज आहे. चित्र जितके सुरेख तितकी व्युत्पत्ती अधिक तपासून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. एका चित्रावरून इंग्रज समाजाच्या श्रमव्यवस्थेवर निकाल देणे मला मान्य नाही.

अनुज्ञा_ठाणे

मी वकिली करते, त्यामुळे ज्या शब्दाशी माझा रोजचा संबंध येतो त्याविषयी लिहिते. ‘हॅरस’ हे क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमधून इंग्रजीत आले. मुलूख उजाड करणे आणि माणसाला राबवून किंवा सतत हल्ले करून दमवणे, असे त्याचे अर्थ होते. शिकारी कुत्रे अंगावर सोडण्याच्या आरोळीवरून मूळ फ्रेंच शब्द आला असे पुष्कळदा सांगितले जाते, पण तीही व्युत्पत्ती वादातीत नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या कोशात ‘हॅरस’चा अर्थ देताना ‘वेअरी’ आणि ‘फटीग’ हेच शब्द येतात.

आता हा शब्द पुढे कुठे गेला ते पाहा. ब्रिटनमध्ये 1997 साली हॅरसमेंटपासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी आपल्याकडे विशाखा खटल्याचा निकाल लागला आणि 2013 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. या सर्व ठिकाणी दमण्याचा अर्थ पार मागे पडला असून कोणी, कोणाला आणि किती वेळा त्रास दिला हेच तपासले जाते. सरोजिनीताई म्हणतात की दमवणारा वाक्यातून जातो; इथे दमवणाऱ्याला नावानिशी उभे केल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आणि हे इतिहासाच्या ओघात आपोआप घडलेले नाही. स्त्रियांनी आणि कामगार चळवळींनी तो शब्द हट्टाने न्यायालयात नेला, म्हणून घडले. त्यामुळे धातुसाधित विशेषणाला दोष देण्यापेक्षा, शब्द कोणाच्या हाती पडला हे पाहावे असे मी सुचवीन.

सरोजिनी

अनुज्ञा, हा या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद वाटतो. मात्र ज्या शब्दाला अशी चळवळ मिळाली नाही त्याचे काय होते, हेही पाहायला हवे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्यांच्या स्थितीवर लेख लिहिला आणि ‘बर्नआउट’ला आजचा अर्थ मिळाला. मेणबत्ती जळून संपते तसा माणूस संपतो; या क्रियापदाला कर्म लागतच नाही. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. ती म्हणते की कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन तणावाचे यशस्वी व्यवस्थापन न झाल्याने ही अवस्था येते. ते व्यवस्थापन कर्मचाऱ्याने करायचे होते की मालकाने, याचा त्या वाक्यात उल्लेख नाही.

पाठभेद

उल्लेख नाही, परंतु कामाचे ठिकाण व्याख्येत घातले आहे आणि जीवनाच्या इतर क्षेत्रांतल्या अनुभवांना हा शब्द लावू नये असे तिथेच बजावले आहे. आजार म्हणूनही त्याची नोंद केलेली नाही. ती कामाशी निगडित घटना मानली आहे. शिवाय अमुक संस्थेने आपली माणसे ‘बर्न आउट’ केली, अशी सकर्मक रचना आजच्या इंग्रजीत सर्रास होते. कर्ता पुन्हा वाक्यात येऊन बसला आहे.

अनुज्ञा_ठाणे

वृत्तपत्रांत बसला असेल, पण माझ्यासमोर आलेल्या राजीनाम्यांत तो अजून दिसलेला नाही. तिथे लोक ‘मी बर्नआउट झालो’ एवढेच लिहितात, आणि पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली की तेच वाक्य त्यांच्या विरोधात वाचून दाखवले जाते.