फिल्टर धुतला आणि दुसऱ्या दिवशी पिस्टन गेला: चेनसॉच्या कार्ब्युरेटर सेटिंगविषयी प्रश्न

जांभा (प्रश्नकर्ता):

दापोली तालुक्यात आमची आंब्या-नारळाची बाग आहे. २०२० साली निसर्ग वादळात आडवी झालेली झाडे उरकण्यासाठी मी एक जुना ५० सीसीचा चेनसॉ घेतला आणि तेव्हापासून बागेतली आणि शेजारपाजारची तोड मीच करतो. गेल्या एप्रिलमध्ये उभ्याने वाळलेल्या रायवळ आंब्याचा बुंधा कापत असताना दुसऱ्या टाकीनंतर यंत्र दबू लागले, धूर वाढला आणि रेस देताना ते घुटमळू लागले. पेट्रोल जास्त जात असावे असे समजून मी कार्ब्युरेटरवरचा ‘एच’ स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसवर किती पेट्रोल जावे ते ठरवणारा, साधारण पाव फेरा आत घेतला, तसे यंत्र लगेच मोकळे झाले. त्या रात्री एअर फिल्टर काढून पाहिला, तर त्यावर गव्हाच्या पिठासारख्या भुशाचा थर बसला होता. तो साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला. दुसऱ्या दिवशी यंत्र कधी नव्हे इतक्या चढ्या आवाजात चालले, मला त्याचा आनंदच झाला, आणि तासाभरात ते एका झटक्यात बंद पडले. सायलेन्सर काढून आत पाहिले, तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे दिसले.

मिस्त्रींनी ऑइल कमी पडल्याचे निदान केले. पण मी लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१ या प्रमाणात, मापाने मोजूनच ऑइल घालतो. आता नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवला आहे. डिसेंबरात महाबळेश्वरला एका नातेवाइकांकडे पडलेली झाडे कापायला जायचे आहे. वाळलेले लाकूड, पावसाळ्यातले ओले लाकूड आणि घाटमाथा या तिन्हींसाठी कार्ब्युरेटरचे सेटिंग निरनिराळे ठेवावे लागते का, आणि फिल्टर कोणता वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कानस:

आपला पिस्टन फिल्टर धुतल्यामुळे गेला असे म्हटले तर विचित्र वाटेल, पण घडले तसेच आहे. साध्या डायफ्रॅम कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या कप्प्यावरील पडद्याची कोरडी बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते. फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरच्या गळ्यातला दाब उतरतो, पडद्यावरचा दाब मात्र बाहेरच्या हवेइतकाच राहतो, आणि त्या फरकामुळे हवा कमी येत असतानाच पेट्रोल अधिक ओढले जाते. धूर, दबलेपणा आणि घुटमळणे ही सगळी मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, झाल्याची लक्षणे. आपण त्यावर स्क्रूने उतारा शोधला, म्हणजे तुंबलेल्या फिल्टरला जुळेल असे सेटिंग केले. रात्री अडथळा दूर झाला, पण सेटिंग तेच राहिले, आणि सकाळी यंत्र लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालले. लीन चालणारे टू-स्ट्रोक इंजिन ऐकायला फार छान वाटते, कारण त्याचे फेरे वाढतात. मात्र टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी झाले की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदमच कमी होतात. मिस्त्रींचे निदान त्या अर्थाने अगदीच चूक म्हणता येणार नाही. डब्यातले ऑइल पुरेसे होते, सिलिंडरमध्ये पोहोचणारे अपुरे होते.

बऱ्याच नव्या यंत्रांत कॉम्पेन्सेटर असलेला कार्ब्युरेटर येतो. त्यात पडद्याची कोरडी बाजू फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला जोडलेली असते, त्यामुळे फिल्टर भरत गेला तरी मिश्रण बरेचसे स्थिर राहते आणि केवळ ताकद कमी होते. आपल्या जुन्या यंत्रात ती सोय नसावी असे लक्षणांवरून वाटते.

आपल्या लिहिण्यातला ‘पिठासारखा भुसा’ हा शब्द मला अधिक खटकला. धारदार चेन सुक्या लाकडातूनही चिपा काढते. पीठ पडते ते प्रामुख्याने चेन बोथट झाल्यावर. तेव्हा फिल्टर तुंबण्याचे मूळ कदाचित कानशीत सापडेल.

सेटिंग करताना फिल्टर स्वच्छ, चेन धारदार, पट्टी आणि चेन यंत्रावर चढवलेली आणि इंजिन काही मिनिटे चालून गरम झालेले असावे. दोन्ही स्क्रू (‘एच’ आणि कमी रेसवरचे पेट्रोल ठरवणारा ‘एल’) अलगद टेकेपर्यंत आत घेऊन पुस्तिकेत दिलेल्या मूळ स्थितीवर आणावेत. अनेक यंत्रांत ती साधारण एक फेरा बाहेर असते. प्रथम ‘एल’ असा लावावा की रेस देताच इंजिन न अडखळता उचलेल, मग आयडलचा, म्हणजे रेस न देता चालतानाच्या फेऱ्यांचा, स्क्रू असा की चेन मुळीच फिरणार नाही, आणि शेवटी ‘एच’. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित फाटका, फडफडता यावा आणि पट्टी लाकडात दाबताच तो स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरही आवाज स्वच्छ आणि चिरका राहिला, तर स्क्रू बाहेर काढावा. टॅकोमीटर (फेरे मोजणारे उपकरण) असेल तर फारच उत्तम, मात्र कमाल फेऱ्यांचा आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच धरावा.

घाटमाथा:

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु फडफड ऐकून सेटिंग करण्याच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. काही यंत्रांच्या इग्निशन कॉइलमध्येच फेऱ्यांवर मर्यादा घातलेली असते, आणि ती मर्यादा गाठली की ठिणगी तुटून होणारा आवाज रिच मिश्रणाच्या फडफडीसारखाच भासतो. ऐकणारा समाधानाने पुढे कामाला लागतो आणि यंत्र प्रत्यक्षात लीन चाललेले असते. अशा यंत्रात ‘एच’ आधी बराच बाहेर घेऊन स्पष्ट रिच आवाज ओळखावा आणि मग थोडा थोडा आत यावे.

लाकूड ओले की सुके यासाठी स्क्रूला हात लावण्याची मुळीच गरज नाही, कारण कार्ब्युरेटरला लाकूड दिसत नाही, त्याला हवा आणि पेट्रोल एवढेच कळते. उंचीची गोष्ट निराळी आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तापमान सारखे धरले तर तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के विरळ असते. त्यामुळे दापोलीत लावलेले यंत्र वर गेल्यावर थोडे रिच चालेल, म्हणजे ताकद जराशी कमी मिळेल, पण इंजिनाला धोका नाही. डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळी हवा थंड आणि म्हणून दाट असल्याने, एप्रिलमधल्या किनाऱ्याशी तुलना केली तर हा फरक जवळजवळ निम्मा भरूनही निघतो. दोन दिवसांच्या कामासाठी मी स्क्रू जागचा हलवणार नाही. खरी भीती उलट्या प्रवासाची आहे. वर स्क्रू आत घेऊन मिश्रण लीन केले, आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलो आणि तसेच काम सुरू केले, की आपला एप्रिलचा प्रसंग पुन्हा घडेल. घाट मात्र धुक्यात उतरायचा नाही, हा अनुभवाचा सल्ला फुकट.

आणखी एक कारण पाहावे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साधे पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर अशा मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते. म्हणजे स्क्रू न हलवताही यंत्र सात-आठ टक्के लीन होते. आपले सेटिंग २०२० सालचे असेल, तर ते तेव्हाच्या पेट्रोलसाठी होते. शिवाय पावसाळ्यात हे इंधन हवेतली ओल शोषते, म्हणून मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने डब्यात ठेवू नये.

माड:

फिल्टरविषयी थोडक्यात सांगतो. वाळलेल्या लाकडाच्या आणि जांभ्याच्या बारीक धुळीसाठी फेल्टचा किंवा फ्लॉक केलेला (वर बारीक तंतूंचा थर चिकटवलेला) फिल्टर घ्यावा. पावसाळ्यात ओला भुसा त्यावर चिकटून लगदा होतो. तेव्हा नायलॉनच्या जाळीचा फिल्टर सोयीचा, कारण तो झटकला तरी मोकळा होतो, पण एप्रिलची धूळ तो अडवू शकत नाही. मी दोन्ही जवळ ठेवतो. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल, तर लांबून आणि आतून बाहेर मारावी; जवळून मारली की फ्लॉक उडून जातो. धुतलेला फिल्टर उजेडासमोर धरून भोके पाहावीत आणि बसवताना कडेची सील नीट टेकल्याची खात्री करावी, कारण कडेने शिरलेली धूळ कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तपकिरी पट्टा उठवते. माडाच्या खोडात सिलिका असते, त्याने चेन लवकर बोथट होते. आम्ही माड कापताना एका टाकीमागे एकदा कानस मारतोच.

नवा सिलिंडर बसवण्यापूर्वी हवेची गळती तपासली होती का? आयडलवर यंत्र कुशीवर कलंडल्यावर फेरे बदलत असतील, तर इनटेकच्या रबराचा किंवा क्रँकच्या सीलचा संशय घ्यावा. ती लीनता स्क्रूने झाकू नये.

जांभा (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. इनटेकच्या रबराला खरोखरच केसाएवढी चीर निघाली, ती बाहेरून दिसत नव्हती, रबर वाकवल्यावर उघडली, ते बदलले. पेट्रोल ताजे भरले, सेटिंग स्वच्छ फिल्टरवर नव्याने केले, आणि ‘एच’ माझ्या जुन्या जागेपेक्षा जवळजवळ पाव फेरा बाहेर आला. स्क्रूच्या डोक्याशी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, म्हणजे महाबळेश्वरला हात शिवशिवले तरी परतीची जागा माहीत राहील.

काल त्याच रायवळाचा उरलेला ओंडका चेनला धार लावून कापला. दोन टाक्यांनंतर फिल्टर उघडला तेव्हा त्यावर हलकीशी धूळ होती. पायाशी पडलेल्या चिपा मात्र तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठ्या होत्या.