मदत हवी आहे : हलकीफुलकी पुस्तकं आणि चिकटवहीचा कागद

नमस्कार मंडळी,

रात्री भांडी आवरून झाली की अर्धा-पाऊण तास माझा. आधी तो मोबाईलवर जायचा आणि झोप उडायची. आता दोन-चार पानं वाचते, मग वहीत काहीतरी चिकटवते, रंगवते, दिवसातली एखादी बरी गोष्ट लिहिते. काल एसटीचं तिकीट आणि चहाच्या कपाचा गोल डाग, एवढंच होतं पानावर. पण बरं वाटलं.

अडचण अशी की पुलं आणि चिं. वि. जोशींची पारायणं झालीत. कुणी मरत नाही, शेवटी रडवत नाही, आणि उपदेशही करत नाही असं काही सुचवाल का? ('सकारात्मक विचारां'ची पुस्तकं नकोत, ती वाचून मला उलट दडपण येतं.) छोटी प्रकरणं असली तर उत्तम.

दुसरं वहीचं. साध्या ७० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या, पातळ कागदाच्या) वहीत जलरंग लावला की पान पापडासारखं वाकतं, शाई मागे उमटते. ३०० जीएसएमचा कागद घेतला तर तो भलताच जाड, वही मिटतच नाही. मधला काही पर्याय? पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळेल असा असेल तर सोन्याहून पिवळं. आणि प्राजक्ताची फुलं वहीत दाबली तर तपकिरी पडतात, खाली डागही उरतो. टीपकागदात आधी वाळवायची का? किती दिवस?