मदत हवी आहे: चार बाय दीड फुटात माथेरानची गाडी, ओव्हल बसत नाहीये

जुम्मापट्टी
नमस्कार मंडळी. ४ फूट बाय दीड फूट प्लायवर नेरळ–माथेरान गाडीचं चालतं मॉडेल करतोय. ट्रॅक ९ मिमी, ९ इंची वळणं आणून ठेवली आहेत. कागदावर कसंही फिरवलं तरी ओव्हल फळीबाहेर जातो. चढ हवा, बोगदा हवा, वाटेवरचं वॉटर पाइप स्टेशन हवं आणि वरची लाइन खालच्या लाइनवरून जायला हवी, नाहीतर घाट वाटणारच नाही. कुणाकडे तयार आराखडा असेल तर टाका. सुतार परवा येतोय. "जागा वाढवा" सांगू नका, जागा एवढीच आहे.

रूळकरी
९ मिमी हा गेज झाला, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल कोणतं, म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान? १:८७ की १:७६? डब्यांची लांबी किती? फळी भिंतीला लागून आहे की चारी बाजूंनी दिसणार?
ओव्हल का बसत नाही ते मात्र आत्ताच सांगतो. ९ इंच त्रिज्या म्हणजे २२८ मिमी, दुप्पट ४५६. तुमची फळी दीड फूट, म्हणजे ४५७. ट्रॅकची मधली रेघच काठावर येते, एक रूळ हवेत.

जुम्मापट्टी
१:८७. भिंतीला लागून. डबे अजून घेतले नाहीत. आराखडा आहे का कुणाकडे?

कुर्डुवाडीकर
१:८७ ला ९ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ७८३ मिमी. माथेरानची लाइन ६१० मिमीची, दोन फुटी. तुमच्या ट्रॅकवर माथेरान होतच नाही, बार्शी लाइट रेल्वे होते! ती अडीच फुटी, ७६२ मिमी. मी तर म्हणतो तीच करा. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबांनी १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी चालू केली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर. बार्शी रोड म्हणजे आमचं कुर्डुवाडी. एका बाजूला ब्रॉडगेज, दुसरीकडे ही छोटी गाडी असायची, आणि नॅरोगेजचा वर्कशॉपही गावातच. मुलूख सपाट, चढाची कटकट नाही. वारीची गर्दी दाखवलीत तर बघणारा हलणार नाही.

सनबोर्ड
माथेरानच करायची तर झेड गेजचा ६.५ मिमी ट्रॅक घ्या. ६१० भागिले ८७ म्हणजे ७ मिमी. ६.५ मध्ये अर्ध्या मिमीचा फरक पडतो, ९ मध्ये दोनचा. वळणंही लहान मिळतात.

रूळकरी
आणि इंजिन? झेडची यंत्रणा इतकी हलकी की रुळावर जरा धूळ बसली की बंद. ९ मिमीला काटो, टोमिक्स या जपानी मॉडेल कंपन्यांच्या छोट्या चारचाकी मोटर-चेसिस आहेत, वर थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवायची. खडी आणि गवत रुळापर्यंत आणलं की ते दोन मिमी कुणाला दिसत नाहीत.

सनबोर्ड
तुम्हाला दिसत नसतील. मला फोटोतही दिसतात.

बतासिया
चढासाठी झिगझॅग करा. गाडी पुढे, मग मागे, मग पुढे. दार्जिलिंगला तसंच आहे, जागा खूप वाचते.

ठाणेकरीण
दादा, माथेरानला रिव्हर्स नाहीत. तिथे ते टाळण्यासाठीच घोड्याच्या नालेसारखा भराव घालून लाइन वळवली आहे. पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली ही गाडी सुरू केली ती याच जोरावर. झिगझॅग घातलात तर ती दार्जिलिंगच दिसेल.

हिरवा_कंदील
पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते. अमन लॉज–माथेरान शटल चालू असते, दस्तुरी नाक्यापासून थोडं चालावं लागतं. शनिवार-रविवार टाळा.

जुम्मापट्टी
मला फिरायला जायचं नाहीये. ओव्हल कसा बसवू, एवढंच सांगा.

रूळकरी
१८३ मिमी त्रिज्येची वळणं घ्या. दोन्हीकडे ४५ मिमी उरतात, कठडा आणि झाडं त्यात बसतात. अट एकच: डबे आखूड हवेत. माथेरानचे असतातच आखूड.
आता चढ. वरची लाइन खालच्यावरून न्यायला सुमारे ५५ मिमी उंची लागते. १८३ च्या अर्धगोलाची लांबी ५७५ मिमी, तेवढ्यात चढवायचं तर चढ १ ला साडेदहा येतो, म्हणजे साडेदहा मिमी पुढे गेलं की एक मिमी वर. खऱ्या माथेरानचा कडक चढ १ ला २०. इतक्या घट्ट वळणात चाकं आधीच घासतात, त्यात हा चढ आला की तीन डबे घेऊन इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल.
म्हणून ट्रॅक सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. सुताराला ट्रॅकपुरती फळी कापायला सांगा, पुढच्या कोपऱ्यात ट्रॅकखाली दरी उतरवा, मागे भिंतीकडे डोंगर चढवा. मागची सरळ लाइन अर्धी बोगद्यात लपवा. गाडी एका उंचीवर गायब होते आणि दरीच्या काठावर बाहेर येते. बघणाऱ्याला ती चढलेलीच वाटते.

जुम्मापट्टी
हे आवडलं. पण दरी किती खोल चालेल? नंतर सगळं दिवाणाखाली जायचंय, तिथे सातच इंच आहेत.

रूळकरी
नंतर म्हणजे कशानंतर?

जुम्मापट्टी
गणपतीनंतर. मखरापुढे ठेवायचंय ना.

ठाणेकरीण
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग आरतीची जागा आधी ठरवा. निरांजन, धूप, कापूर जवळ असेल तर काजळी आणि तेलकट थर रुळांवर बसतो आणि गाडी अडखळते. आमच्याकडे रोज सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसायचे, मगच स्विच लावायचा. फुलांच्या पाकळ्या आणि अक्षताही ट्रॅकवर येणार. पुढच्या काठाला पारदर्शक ॲक्रिलिकची चार बोटं उंच पट्टी लावा.

सनबोर्ड
डोंगर थर्मोकोलचा करा, तासाभरात कापून होतो.

ठाणेकरीण
सजावटीला थर्मोकोल राज्यात २०१८ पासून बंद आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणा, वर रद्दी खळीत बुडवून तीन थर द्या. वजनाला हलका होतो आणि उचलून वेगळा ठेवता येतो.

कुर्डुवाडीकर
पंढरपूर केलं असतं तर डोंगरच लागला नसता. अजून वेळ गेलेली नाही.

जुम्मापट्टी
काका, पुढच्या वर्षी नक्की विचार करतो. आता १८३ ची वळणं मागवतो. दरी दोन इंच, डोंगर सुटा. वॉटर पाइप स्टेशन पुढच्या सरळ लाइनवर. बोगदा डोंगरालाच चिकटवू का?

रूळकरी
चिकटवा, पण पाठीमागून उघडा ठेवा आणि फळी भिंतीपासून वीतभर पुढे ओढता येईल अशी ठेवा. ऐन आरतीत डबा आत घसरला तर हात जायला हवा.