'हाय नून' : अव्वल वेस्टर्न की नुसती घड्याळाची करामत?

कृष्णधवल :
फ्रेड झिनेमानचा 'हाय नून' (१९५२) मी वेस्टर्नपटांत अगदी वरच्या जागी ठेवतो. गोष्ट चार ओळींची आहे. गावात कायदा राखणारा मार्शल विल केन (गॅरी कूपर), त्याचं नुकतंच लग्न लागलंय आणि त्याने बिल्ला उतरवून ठेवलाय. ज्याला त्याने तुरुंगात धाडलं तो फ्रँक मिलर सुटून बाराच्या गाडीने परत येतोय, तिघं साथीदार स्टेशनवर त्याची वाट बघतायत. केन गावभर मदत मागतो, कुणीही उभं राहत नाही.

बारा वाजण्याच्या क्षणाचं संकलन तर धडा म्हणून बघावं. केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितोय. लंबक हलतोय, आणि संगीताच्या ठोक्यावर कट पडत जातात : रिकामा रस्ता, चर्चमधली माणसं, दारूचा गुत्ता, स्टेशनवरचे तिघं, मिलर शिक्षा ऐकताना जिच्यावर बसला होता ती खुर्ची. मग गाडीची शिट्टी. तोवर एकही गोळी सुटलेली नाही. संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

बघताना एक सांभाळा. चित्राची चौकट जुनी, जवळजवळ चौकोनी आहे. टीव्हीवर 'झूम' करून पडदा भरला तर वरचं आभाळ आणि खालची धूळ कापली जाते. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने मुद्दाम फिल्टर न लावता आभाळ पांढरंफटक ठेवलंय, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या फोटोंसारखं. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड लावलात की तो रखरखीतपणा गेलाच. चित्र गुळगुळीत करणारी सोयही बंद करा.

धुळीची_वाट :
तंत्र कबूल, पण वेस्टर्न म्हणून मला पटत नाही. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा आक्षेप बरोबर होता : ज्याचा हा पेशा आहे तो दारोदार मदत मागत फिरेल कशाला? त्याचं उत्तर म्हणून त्याने १९५९ साली 'रिओ ब्राव्हो' काढला. तिथला शेरीफ चान्स (जॉन वेन) चालून आलेली मदतसुद्धा नाकारतो, कारण नवशिक्या, बायकापोरांच्या माणसांचा जीव त्याला धोक्यात घालायचा नाही. सोबतीला एक दारुड्या आणि एक लंगडा म्हातारा.

आणि दृश्य कसं रचावं ते तिथे बघा. खुनी गुत्त्यात शिरलाय, दारुड्या ड्यूड त्याच्या मागावर. बुटाला चिखल लागलेला माणूस शोधतो, तसा कुणीच सापडत नाही. लोक हसतात. एकजण त्याला दारूसाठी म्हणून पिकदाणीत नाणं टाकतो. तेवढ्यात बारवरच्या बिअरच्या ग्लासात वरून रक्ताचा थेंब पडतो. ड्यूड वळतो आणि माळ्यावर गोळी झाडतो. त्या माणसाची गेलेली पत परत येते आणि त्यासाठी एक शब्दाचंही भाषण लागत नाही. 'हाय नून'मध्ये प्रत्येकजण येतो, आपली बाजू मांडतो आणि जातो. हे नाटक झालं.

लंबक :
धुळीची_वाट, हॉक्सचा तर्क त्याच्याच सिनेमात टिकत नाही. चान्स मदत नाकारतो खरा, पण ऐनवेळी वाचवतात त्याला दुसरेच. हॉटेलसमोर तो घेरला जातो तेव्हा त्याची मैत्रीण फेदर्स खिडकीतून कुंडी फेकते आणि कोलोरॅडो नावाचा तरुण बंदूकबाज त्याच्याकडे रायफल टाकतो. केनच्या गावात अशी माणसं आहेतच कुठे? पोरगा येतो, एकडोळ्या दारुड्या येतो, त्यांना केनही परत पाठवतो. हर्ब नावाचा गावकरी आपणहून तयार होतो आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर कच खातो.

चर्चमधलं दृश्य पुन्हा बघा. आधी मुलांना बाहेर काढतात. मग कर आम्ही भरतो ते कशासाठी इथपासून वाद सुरू होतो. शेवटी केनचा मित्र हेंडरसन उठून त्याची तोंडभरून स्तुती करतो आणि त्याच दमात सांगतो, तू गाव सोड. नकार देताना आपल्याकडेही आधी असंच कौतुक होतं.

धागाकर्त्यांनी काढला नसला तरी एक मुद्दा : 'पडद्यावरचा वेळ म्हणजे घड्याळाचा वेळ' हे शब्दशः खरं नाही. गोष्ट साडेदहाच्या पुढे सुरू होते आणि बारानंतरच्या चकमकीपर्यंत जाते. सिनेमा ८५ मिनिटांचा. मिनिटं जुळत नाहीत, ताण मात्र जुळतो.

धुळीची_वाट :
चर्चचं दृश्य चांगलं आहे, मान्य. पण टेक्स रिटरच्या आवाजातलं गाणं सुरुवातीलाच सगळी गोष्ट सांगून टाकतं आणि मग सारखं परत येतं. शिवाय पटकथाकार कार्ल फोरमनने त्यात त्या काळच्या कम्युनिस्टविरोधी चौकशांचं रूपक भरलंय. ते कळलं की गावकरी माणसं राहत नाहीत, मुद्दे होतात.

लंबक :
फोरमनला चित्रीकरण चालू असतानाच, १९५१च्या सप्टेंबरात, त्या चौकशा करणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जावं लागलं. नंतर त्याने इंग्लंड गाठलं. म्हणजे त्याने कागदावर मांडलेलं त्याच्याच भोवती घडत होतं. हे रूपक बाजूला ठेवलं तरी गोष्टीचं काही अडत नाही. वेनने १९७१च्या मुलाखतीत सांगितलं की कूपर शेवटी बिल्ल्यावर पाय देतो. सिनेमात तसं नाही. तो बिल्ला धुळीत टाकतो आणि न बोलता बग्गीत चढतो.

सावली :
तुम्ही दोघं केनवरच अडलात. केनची नवी नवरी एमी (ग्रेस केली) हिंसा न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. तिने खिडकीतून एकाला पाठीत गोळी घालावी, मग मिलरच्या चेहऱ्यावर नखं मारून स्वतःला सोडवावं, हा सिनेमातला सगळ्यात मोठा पालट. हॉक्सला बायकोने वाचवलेलं खटकलं, मला तिथेच सिनेमा पुरा झाल्यासारखा वाटतो. आणि हेलन रामिरेझ (केटी हुराडो)! एका वेळी मिलर, केन आणि केनचा मदतनीस हार्वी या तिघांच्या आयुष्यात असलेली नाही, एकापाठोपाठ एक. केन तिला सावध करायला येतो तेव्हा ती स्पॅनिशमध्ये म्हणते, 'वर्ष झालं तुला बघून.' तो स्पॅनिशमध्येच 'हो, माहीत आहे' म्हणतो. पडद्यावर भाषांतर येत नाही, म्हणून हे वाक्य बहुतेकांच्या हातून निसटतं. तेवढं कळलं की त्या खोलीतलं त्यांचं उभं राहणंही वेगळं दिसतं.