मदत हवी आहे: नऊ महिन्यांच्या मुलीचं लिव्हर ट्रान्सप्लान्ट, दाता मी की माझी आई?

नमस्कार मंडळी. आमचं मराठी इंदुरी आहे, मधेच हिंदी डोकावलं तर सांभाळून घ्या.

मुलीला बिलिअरी अट्रेझिया आहे, म्हणजे यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद. जन्मानंतर कावीळ रेंगाळली तेव्हा 'कोवळं ऊन दाखवा' असं सांगण्यात आलं. आम्ही रोज गच्चीवर घेऊन बसायचो. शी पांढुरकी होते, खडू कालवल्यासारखी, असं बायको म्हणत होती. दुधाची असेल म्हणून आम्हीच तिला गप्प केलं. कासाई ऑपरेशन (यकृताला थेट आतडं जोडून पित्ताला वाट करून देतात ते) साठ दिवसांच्या आत झालेलं बरं असतं, आमचं 84व्या दिवशी झालं. कावीळ उतरली, परत चढली. आता पोटात पाणी, नाकात नळी, वजन जेमतेम सहा किलो. (कोणाच्या घरी तान्हं बाळ असेल तर: पंधरा दिवसांपुढे कावीळ राहिली आणि शी फिकी असली तर आधी डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त अडकून झालेली कावीळ आहे का ते सांगणारं रक्त, तपासा, ऊन नंतर.)

मुंबईच्या डॉक्टरांच्या मते आता ट्रान्सप्लान्टच. एवढ्या बाळाला मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा लहान तुकडा पुरतो आणि दात्याचं यकृत काही महिन्यांत भरून येतं, इथवर कळलं. मुलीचा रक्तगट ओ. बायकोचा बी, ती बाद. माझा ओ, पण फॅटी लिव्हर निघालं. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, वर शेव. दुसरं काय निघणार! वजन उतरवायला दीड महिना दिलाय. पाच किलो उतरलंय, अजून तेवढंच बाकी.

आणि आई. वय 51, गट ओ, सगळ्या तपासण्या चोख. कायद्यात आजी जवळच्या नात्यात धरतात, आत्या-मावशीसारखं परवानगीसाठी समितीपुढे जावं लागत नाही. 'माझं घ्या, मी सराफ्यात जाऊन खराब नाही केलेलं,' म्हणते. खजराण्याच्या गणपतीला मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिकही काढून आलीये. (म्हणून नवस सुचवू नका, कोटा भरलाय.) मला ते गिळवत नाही. मी चौतीस वर्षांचा धडधाकट बाप, आणि पोट आईचं कापायचं? पण दोनदा पित्तनळ्यांचं इन्फेक्शन होऊन गेलंय. माझं वजन उतरेपर्यंत पोरगी थांबेल का?

आजीने यकृत दिलेलं कोणी आहे का इथे? आजीला उठून कामाला लागायला किती दिवस लागले? मी दिलं तर बायको एकटी दोन आयसीयूंत पळणार, तेव्हा तुम्ही माणसं कशी लावलीत? नंतर तीन महिने मुंबईत राहून परत यायचंय. घर राजवाड्याजवळ, रंगपंचमीची गेर (रंगांची मोठी मिरवणूक) जवळूनच जाते, इन्फेक्शनची भीती असताना अशा गर्दीच्या दिवसांत काय केलंत? पैशांचं बघतोय, विमा आहे, पंतप्रधान मदत निधीचा अर्जही टाकलाय.

प्रतिसाद:
आमच्या मुलाला सासूबाईंनी दिलं, चार वर्षं झाली. आठवड्यात घरी आल्या, पण दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, कळशीही नाही आणि नातूही नाही. त्यांना सगळ्यात जड तेच गेलं. दीड महिना थांबणं बाळाला झेपेल का, एवढंच डॉक्टरांना सरळ विचारा. तुमचा संकोच त्यात आणू नका. दाता कोणीही असो, त्याच्या उशाशी वेगळा माणूस हवा, बायकोला त्यात धरू नका. गोवराच्या लसीचंही आजच विचारा. ती जिवंत विषाणूची, ट्रान्सप्लान्टनंतर सहसा देत नाहीत, आणि आधी द्यायची तर निदान महिन्याचं अंतर लागतं. टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) लेव्हलचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं, डोस देऊन लॅबमध्ये गेलात तर खेप फुकट. पपनस घरात आणू नका, या औषधाशी ते जमत नाही. गेरच्या दिवशी पहिली दोन वर्षं आम्ही गाव सोडून जायचो.

धागाकर्ता:
लसीचं कोणी बोललंच नव्हतं, सकाळी फोन करतो. आईला हे अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवलं तर आजच बॅग भरेल.